कोयुंदा: एका स्पॅनिश शब्दाचा अर्थ आणि मूळ शोधायचं, तर कोणत्या क्रमाने?

स्पॅनिश शिकणाऱ्या मराठी मंडळींच्या वह्यांत 'कोयुंदा'समोर बहुतेक वेळा एकच शब्द असतो: जू. तो चूक आहे; कोयुंदा म्हणजे बैलाला जुवाशी बांधणारा पट्टा. थोडे पुढे गेलेले 'विवाहबंधन' लिहितात आणि खाली जोडतात की हा शब्द 'कोन्युखे' म्हणजे जोडीदार यावरून आला. तो अर्थ लाक्षणिक आहे, आणि मूळ तर चूकच. 'कोयोटे' (कोल्ह्यासारखा प्राणी) आठवून हा मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेचा शब्द आहे असं ठोकून देणारेही भेटतात. या तिन्ही चुका माहिती कमी असल्याने होत नाहीत. अर्थ ठरायच्या आधी मूळ शोधायला घेतलं आणि वस्तू डोळ्यांपुढे यायच्या आधी अर्थ ठरवला, की त्या होतात. म्हणून खाली क्रम दिला आहे. हा एक शब्द या क्रमाने नीट सोडवलात की दुसऱ्यालाही हीच रीत लागू पडेल.

## आधी हाताशी काय हवं

रॉयल स्पॅनिश अकादमीचा चालू कोश हवा. त्याची 23वी आवृत्ती 2014 साली निघाली आणि ऑनलाइन ती फुकट बघता येते. अकादमीच्याच संकेतस्थळावर 'नुएव्हो तेसोरो लेक्सिकोग्राफिको' आहे. त्यात जुन्या कोशांची छापील पानं जशीच्या तशी दिसतात. तिसरं साधन म्हणजे 'कोर्दे', 1974 पर्यंतच्या स्पॅनिश मजकुरांचा शोधता येणारा संग्रह. चौथं मात्र ग्रंथालयात जाऊन पाहावं लागतं: कोरोमिनास आणि पास्कुआल यांचा सहा खंडांचा व्युत्पत्तिकोश (1980 ते 1991). मराठी बाजूसाठी मोल्सवर्थची 1857ची आवृत्ती आणि टर्नरचा भारतीय-आर्य भाषांचा तौलनिक कोश घ्या. हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहेत.

एक वही घ्या आणि पानाच्या मध्ये उभी रेघ मारा. डावीकडे 'वस्तू', उजवीकडे 'शब्द'. डावी बाजू भरल्याशिवाय उजवीकडे पेन न्यायचं नाही. पोरकट वाटेल, पण निम्म्या चुका ही रेघच अडवते.

## 1. शब्द अक्षरशः बरोबर उतरवून घ्या

रोमन लिपीत तो सी, ओ, वाय, यू, एन, डी, ए असा लिहितात. जोर मधल्या 'युं'वर. शेवटचा व्यंजनध्वनी दंत्य 'द' आहे, इंग्रजीच्या सवयीने 'कोयुंडा' म्हणू नका. शब्द स्त्रीलिंगी आहे आणि अनेकवचनी 'कोयुंदास' असाही वारंवार येतो.

जुन्या छपाईत वाय, आय आणि जे ही अक्षरं एकमेकांच्या जागी येत. त्यामुळे 'कोर्दे'त एकाच लेखनाने शोधून 'काही सापडत नाही' म्हणू नका. तिन्ही अक्षरं टाकून बघा.

तपासा: तुम्ही उतरवलेल्या शब्दात 'डी' आहे की 'टी'? 'कोयुंतुरा' हा वेगळा शब्द आहे. त्याचा अर्थ सांधा, आणि त्यावरून परिस्थिती, संधी. शोधयंत्र हे दोन शब्द खुशाल एकमेकांत मिसळून देतं. हा 'डी-टी'चा फरक सहाव्या टप्प्यात निकाल लावणार आहे.

## 2. आधी वस्तू बघा, मग अर्थ लिहा

इथे घाई नको, कारण मराठी वाचक सगळ्यात जास्त इथेच फसतो. बैल जुंपणं आपल्याला माहीत आहे असं आपण धरून चालतो, आणि नेमकं तेच आड येतं.

आपल्याकडचं जू बैलाच्या खांद्यावर, वशिंडाच्या पुढे बसतं. ओढ खांद्यावर येते. म्हणून तर पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते, शिंगेमळणी नसते. जुवाच्या टोकाला शिवळ म्हणजे खुंटी असते, आणि मानेखालून जाणारं जोतं बैलाला जुवापाशी धरून ठेवतं. त्या जोत्यावर खरी ओढ येत नाही. बैलाने मान काढून घेऊ नये, एवढंच त्याचं काम.

स्पेनमध्ये बैलांसाठी मोठ्या भागात वेगळी पद्धत होती. जू डोक्यामागे, शिंगांच्या बुडाशी ठेवतात आणि चामड्याचा लांब, रुंद पट्टा शिंगांभोवती आणि कपाळावरून फेऱ्या देत आवळून बांधतात. बैल कपाळाने आणि शिंगांनी ओढतो. तो पट्टा म्हणजे कोयुंदा. काही ठिकाणी चामड्याऐवजी हेम्पचा, म्हणजे भांगेच्या झाडाच्या वाखाचा, जाड दोर. पट्टा कपाळावर रुतू नये म्हणून खाली गादी घालतात, तिला 'फ्रोन्तील' म्हणतात. फ्रोन्तीलची कोशातली व्याख्याच अशी आहे की ती बैलाचं कपाळ आणि कोयुंदा यांच्या मध्ये असते. म्हणजे पट्टा नेमका कुठून जातो, याचा पुरावा शेजारच्या शब्दाच्या नोंदीत सापडतो. वस्तू ओळखताना ही युक्ती फार उपयोगी पडते: शब्दाची स्वतःची व्याख्या अपुरी वाटली तर त्याला टेकून असलेल्या वस्तूची व्याख्या काढा.

ओढ या पट्ट्यावर येते. तो सैल पडला तर जू हलतं आणि जनावर जखमी होतं. पुढे या शब्दाला 'पकड', 'अंमल' असा अर्थ का आला, ते इथे कळतं. आपल्या जोत्यावरून ते कळलं नसतं.

चित्र हवं असेल तर कोस्टा रिकाच्या रंगीत बैलगाड्यांचे फोटो बघा. ही बैलगाडीची परंपरा 2008 साली युनेस्कोच्या यादीत गेली, त्यामुळे फोटोंना तोटा नाही. गाडीच्या चाकांवरची नक्षी सोडा, बैलांच्या शिंगांकडे बघा.

सावध: खेचरांना जुंपताना स्पेनमध्येही जू मानेवर येतं. तेव्हा 'स्पेनमध्ये जू नेहमी शिंगांवर' असं सरसकट लिहू नका.

तपासा: डाव्या रकान्यात आता तीन गोष्टी असायला हव्यात: वस्तू कशाची, ती कुठून कुठे बांधतात, आणि ओढ कशावर येते. तिसरी राहिली असेल तर पुढे जाऊ नका.

## 3. कोशातले अर्थ वाचा, पण क्रमांकाला कालक्रम समजू नका

अकादमीच्या कोशात साधारण हे अर्थ मिळतात: बैल जुंपायचा रुंद मजबूत पट्टा किंवा दोर, 'आबार्का' नावाच्या ओबडधोबड चामडी पायताणाचा बंद, वैवाहिक बंधन, आणि अंमल किंवा ताबेदारी.

कोशातले 1, 2, 3, 4 हे आकडे 'आधी हा अर्थ आला, मग तो' असं सांगत नाहीत. ती मांडणी संपादकांची असते. अर्थांची वाट तुम्हाला स्वतः लावायची आहे, आणि त्यासाठी एकच प्रश्न पुरतो: कोणत्या अर्थापासून बाकीच्यांकडे जाता येतं? पट्ट्यापासून पायताणाच्या बंदाकडे जाता येतं, दोघं जुंपल्यासारखे बांधले गेले म्हणून लग्नाकडे जाता येतं, मान वाकवावी लागते म्हणून ताबेदारीकडेही जाता येतं. उलट लग्नापासून निघून चपलेच्या बंदाकडे जाऊन दाखवा.

## 4. शेजारच्या शब्दांची गल्लत मिटवा

इथे थोडक्यात आटपू. 'युगो' म्हणजे जू, लाकूड. 'युंता' म्हणजे बैलजोडी. 'गामेया' म्हणजे जुवाला दोन्हीकडे असलेली कमान, जनावराची मान जिथे बसते ती. 'सोबेओ' हा पट्टाच, पण तो जुवाला गाडीची दांडी किंवा नांगराचा हळस बांधतो. 'बार्सोन' हे त्याच जागी असलेलं कडं, ज्यातून हळस जातो. आणि कोयुंदा जनावराला जुवाशी बांधते.

म्हणजे कोयुंदा बैल आणि जू यांच्यामध्ये, सोबेओ जू आणि हळस यांच्यामध्ये. एवढं पाठ झालं तरी पुष्कळ.

जाता जाता एक गंमत. आरागॉनचा राजा फेर्नांदो याच्या बोधचिन्हात जू आहे आणि त्याला कापलेला दोर. तो सिकंदराने तोडलेल्या गॉर्डियमच्या गाठीचा संदर्भ. त्या दोराला कुणी कोयुंदा म्हटलेलं दिसलं तर आश्चर्य नको. पण गॉर्डियमची गाठ गाडीचं जू दांडीला बांधणारी होती, म्हणून काटेकोर शेतकरी तिला सोबेओच म्हणेल. चिन्ह काढणाऱ्यांना असल्या फरकाशी देणंघेणं नव्हतं. तुम्हाला आहे.

## 5. तारीख लागलेला पुरावा गोळा करा

सेबास्तियान दे कोव्हार्रुबियास याचा 1611चा कोश 'नुएव्हो तेसोरो'त उघडा, आणि मग अकादमीच्या पहिल्या मोठ्या कोशाचा (1726 ते 1739) दुसरा खंड, 1729चा. सी अक्षर तिथे आहे. जुनी व्याख्या उतरवून घ्या. जुनी व्युत्पत्तीही घ्या, पण वेगळ्या शाईने. शतकानुशतकं आधीचे कोशकार वस्तूबद्दल विश्वासार्ह असतात कारण ती त्यांच्या दारात बांधलेली असे. मुळाबद्दल मात्र ते कानाला काय जुळतं एवढ्यावर लिहीत.

लाक्षणिक अर्थासाठी एक सुरेख पुरावा सेर्व्हान्तेसच्या 'दोन किखोते'त आहे, पहिला भाग, 1605, प्रकरण 11. एक धनगर ओलाया नावाच्या मुलीला उद्देशून गाणं म्हणतो. त्यात तो सांगतो की चर्चकडे कोयुंदा आहेत आणि त्या रेशमाच्या फासाच्या आहेत. तू गामेयात मान घाल, मग बघ मी माझी कशी घालतो ते. इथे शब्द लग्नाबद्दल बोलतो आहे, पण शेजारी गामेया आहे, मान आहे. म्हणजे 1605च्या वाचकाला वस्तू अजून डोळ्यांपुढे दिसत होती आणि लग्नाचा अर्थ रूपकातून उभा राहत होता.

सावध: पुरावा म्हणून नुसतं वाक्य उतरवू नका, आजूबाजूच्या दोन ओळीही घ्या. या गाण्यातून गामेया कापून टाकली तर उरतं ते फक्त 'चर्चचं बंधन', आणि मग विवाह हाच मूळ अर्थ वाटू लागतो.

नाहुआत्लचा मुद्दाही इथेच निकालात निघतो. 'कोयोटे' खरंच नाहुआत्ल 'कोयोत्ल'वरून आला. पण कोयुंदा हा स्पेनमधल्या शेतीचा शब्द आहे, आणि नांगराला जुंपलेले बैल मेक्सिकोत स्पॅनिश लोकांबरोबर गेले. सुरुवातीची दोन अक्षरं जुळणं म्हणजे नातं नव्हे.

## 6. ध्वनीची कसोटी लावा

हा टप्पा बहुतेकजण वगळतात. मला मात्र सगळ्यात मजा इथेच येते.

कोशात मूळ असं दिलेलं दिसतं: लॅटिन 'कोन्युंगुला', 'कोन्युंगेरे' म्हणजे जोडणे, जुंपणे या क्रियापदावरून. शब्दाच्या आधी एक तारा असतो. त्या ताऱ्याचा अर्थ 'महत्त्वाचा' असा नाही. हा शब्द कोणत्याही लॅटिन ग्रंथात लिहिलेला मिळत नाही, नंतरच्या रूपांवरून अभ्यासकांनी तो उभा केला आहे, एवढंच तारा सांगतो. लॅटिन कोशात तो शोधत बसू नका. आणि उतरवताना तारा गाळू नका. तारा गाळला की अनुमानाची वस्तुस्थिती होऊन बसते.

आता समोर दोन उमेदवार ठेवा.

पहिला उमेदवार सोपा आणि लोकप्रिय: 'कोन्युंक्ता', म्हणजे जोडलेली. दिसायला किती जवळचा! पण त्यात 'ंक्त' आहे. लॅटिनमधला 'ंक्त' कास्तिलियन स्पॅनिशमध्ये 'ंत' होतो: सांक्तुस पासून सांतो, पुंक्तुम पासून पुंतो, युंक्ता पासून युंता. आणि न नंतरचा त तसाच टिकतो, त्याचा द होत नाही: देंतेम पासून दियेंते, पोंतेम पासून पुएंते. म्हणजे कोन्युंक्तापासून 'कोयुंता' मिळायला हवं होतं. मिळालं आहे 'कोयुंदा'. उमेदवार बाद. आणि पहिल्या टप्प्यातला 'कोयुंतुरा' आठवा. त्यात 'ंक्त'चा 'ंत' झालेला स्पष्ट दिसतो. घर एकच, पण वाट वेगळी.

दुसरा उमेदवार 'कोन्युंगुला'. त्यातला 'गु'मधला उ ऱ्हस्व आहे (कोशात त्यावर वाटीसारखी खूण असते), म्हणून जोर त्याच्या आधीच्या 'युं'वर पडतो आणि बिनजोराचा उ गळून जातो: कोन्युंग्ला. आता 'ंग्ल'चं स्पॅनिशमध्ये काय होतं? इथे भाषेने एक वाट धरलेली नाही. उंगुला पासून ऊन्या (नख) झालं, तिथे न्य. सिंगुला (रोमन सी-ने लिहिलेला) पासून सिंचा (घोड्याचा तंग) झालं, तिथे ंच. आणि सिंगुलोस (एस-ने लिहिलेला, वेगळा शब्द) पासून सेंदोस (प्रत्येकी एकेक) झालं, तिथे ंद. आपल्याला हवा तो 'ंद' हाच. जुन्या स्पॅनिशमध्ये सेंदोसच्या जोडीला 'सेन्योस' असंही रूप होतं, म्हणजे एकाच शब्दात दोन वाटा चालू होत्या. कोयुंदा ही सेंदोसच्या वाटेने आली.

राहिला सुरुवातीचा 'न'. कोन्युं-चं कोयुं- कसं झालं? लॅटिन थडग्यांवरच्या लेखांत 'कोन्युक्स' म्हणजे नवरा किंवा बायको हा शब्द न गाळून 'कोयुक्स' असा सर्रास कोरलेला मिळतो. म्हणजे य-च्या आधीचा न लॅटिन बोलणाऱ्यांच्या तोंडीच सैल होता.

तपासा: तुमच्या व्युत्पत्तीतल्या प्रत्येक ध्वनिबदलाला किमान एक दुसरा शब्द साक्षीदार म्हणून आहे का? एखाद्या पायरीला साक्षीदार नसेल तर ती पायरी म्हणजे तुमची इच्छा आहे.

## 7. आई, बहीण, चुलत बहीण ठरवा

'कोन्युखे' आणि कोयुंदा एकाच घरातले आहेत. दोघांत 'कोन' म्हणजे सह, आणि जुंपण्याचा धातू. पण एक दुसऱ्याची आई नाही. 'युगो' लॅटिन युगुमवरून, 'युंता' युंक्तावरून, 'उन्सीर' म्हणजे जुंपणे हे युंगेरेवरून. या सगळ्या बहिणी, कुणी सख्ख्या, कुणी चुलत.

एक बारीक गोष्ट ध्यानात ठेवा. लग्न म्हणजे जुंपणं हे रूपक लॅटिनमध्येच जुनं होतं. 'कोन्युगियुम' म्हणजे विवाह. त्यामुळे 'कोयुंदाचा लग्नाचा अर्थ स्पॅनिश शेतकऱ्यांनी नव्याने शोधला' असंही लिहू नका. कल्पना जुनी आहे, फक्त या शब्दाला ती पट्ट्याच्या अर्थावरून मिळाली.

## 8. मराठीकडे वळा, पण इथे ब्रेकवर पाय ठेवून

आता आपल्या घरातला पुरावा. युगचं जू झालं, योक्त्रचं प्राकृतात जोत्त आणि मराठीत जोत, जोतं. इथेही तीच कसोटी लावा. य-चा ज: यव पासून जव, यात्रा पासून जत्रा. त्र-चा त: गोत्र पासून गोत, रात्रि पासून रात, क्षेत्र पासून शेत. साक्षीदार भरपूर आहेत.

योक्त्र म्हणजे जुंपायची दोरीच, याला पुरावा ऋग्वेदात आहे. 3.33 या सूक्तात विश्वामित्र नद्यांशी बोलतो. शेवटी तो म्हणतो की तुमची लाट शम्येला लागो, पण योक्त्रांना सोडा. शम्या म्हणजे जुवाची खुंटी. म्हणजे गाड्या ओलांडताना पाणी फार चढू नये. शेजारची वस्तू पुन्हा कामी आली, जशी फ्रोन्तील आली होती.

संस्कृत युज् आणि लॅटिन युंगेरे एकाच आदिम भारोपीय धातूपासून निघाले. म्हणून जोतं आणि कोयुंदा यांचा धातू एक, काम जवळजवळ एक. पण प्रत्यय वेगळे, भाषा वेगळ्या, आणि कोणी कोणाकडून घेतलेलं नाही. 'स्पॅनिश कोयुंदा संस्कृतवरून आला' असं लिहिलेलं मी पाहिलं आहे. तसं लिहिणाऱ्याने सहावा टप्पा वाचलेला नसतो.

सावध: दर्शपूर्णमास यागात, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या वैदिक यज्ञात, यजमानपत्नीच्या कमरेला मुंजगवताचं योक्त्र बांधतात. लग्नाची कोयुंदा आणि पत्नीचं योक्त्र शेजारी ठेवायचा मोह होतो. ठेवा, पण 'सारखी प्रतिमा' या मथळ्याखाली, 'व्युत्पत्ती'खाली नको. तसंच 'जुंपणे' हे क्रियापद ध्वनीने जवळचं वाटतं म्हणून या यादीत ढकलू नका. टर्नर उघडा, प्रत्येक अक्षराचा साक्षीदार मागा, मगच ठरवा.

## 9. आता नोंद लिहा

उजवा रकाना आता भरा. नोंदीत अर्थ, वस्तूचं वर्णन, लाक्षणिक अर्थ, मूळ आणि मराठी पर्याय, या क्रमाने. नमुना असा:

*कोयुंदा, स्त्रीलिंगी. बैलाला जुवाशी बांधणारा चामड्याचा रुंद पट्टा किंवा जाड दोर. शिंगांवरच्या जुवात तो शिंगांभोवती आणि कपाळावरून आवळतात. पायताणाचा बंद. लाक्षणिक: विवाहबंधन; ताबेदारी. मूळ: लॅटिन \*कोन्युंगुला (अनुमानित), कोन्युंगेरे 'जुंपणे' यावरून, ंग्ल > ंद साठी तुलना सिंगुलोस > सेंदोस. मराठी 'जोतं' कामाने जवळचं, बांधण्याची जागा वेगळी.*

भाषांतर करताना संदर्भ पाहून निवडा. शेताचं वर्णन असेल तर 'जुवाचा पट्टा' म्हणा, आणि शिंगांचा उल्लेख वाक्यातच करून टाका, नाहीतर मराठी वाचक तो पट्टा आपसूक मानेखाली बांधेल. बैल खेचराच्या जागी किंवा उलट आलेला नाही ना, तेही बघा. लग्नाबद्दलच्या वाक्यात 'जोतं' फार शेतकी वाटतं आणि 'विवाहबंधन' फार गुळगुळीत. तिथे मी 'जुंपलेपण' वापरून पाहिलं आहे, आणि दोनदा खोडलं आहे. त्या धनगराच्या गाण्यात मात्र मी 'रेशमाचं जोतं' ठेवलं, कारण ते गाणं तरी मान घालण्याबद्दलच बोलतं.